सागुती, मटण आणि बॉयलर : शहापूर-मुरबाडातील मांसाच्या भावाचा इतिहास

'महाग' आणि 'महागाई' हे शब्द आपण बोलताना एकमेकांच्या जागी सहज वापरतो, त्यामुळे त्यांच्यातील अंतर सहसा लक्षात येत नाही. 'महाग' हा संस्कृत 'महार्घ' शब्दाचा वंशज. तो वस्तूची आजची किंमत सांगतो. अर्थशास्त्राच्या पुस्तकांत जिला भाववाढ म्हणतात, ती मात्र किमतीच्या बदलाची गती असते. स्वित्झर्लंडमध्ये मांसाचे भाव युरोपीय संघाच्या सरासरीच्या दुपटीहून अधिक आहेत, म्हणजे मांस तेथे अतिशय महाग आहे. पण एकूण भाववाढीच्या मंद गतीसाठी तो देश ओळखला जातो. उलट चीनमध्ये आफ्रिकी डुक्करज्वराच्या साथीमुळे नोव्हेंबर २०१९ मध्ये डुकराचे मांस वर्षभरापूर्वीच्या तुलनेत ११० टक्क्यांनी महागले होते आणि त्या एका वस्तूने त्या देशाचा सर्वसाधारण भाववाढीचा दर साडेचार टक्क्यांवर नेला होता.

देशादेशांतील मांसाच्या भाववाढीत एवढी तफावत का असते, या प्रश्नाला सामान्यतः रोगराई, पशुखाद्य, चलनाचा विनिमयदर आणि सरकारी धोरण ही चार उत्तरे दिली जातात. ती खोटी नाहीत. परंतु त्यांच्याही आधी विचारायला हवा असा एक प्रश्न आहे : त्या प्रदेशात मांसाला 'भाव' कधीपासून आहे, आणि तो कोणासाठी आहे? ज्या वस्तूला भाव नाही तिची भाववाढ मोजता येत नाही. आणि ज्या वस्तूला कालपरवाच भाव आला, तिच्या भाववाढीचा अर्थ दीडशे वर्षे बाजारात वावरलेल्या वस्तूच्या भाववाढीसारखा नसतो. हा प्रश्न तपासण्यासाठी ठाणे जिल्ह्याचे शहापूर आणि मुरबाड हे दोन तालुके सोयीचे आहेत. मुंबईपासून ते फार दूर नाहीत. त्या महानगराच्या पिण्याच्या पाण्याचा मोठा हिस्सा शहापूर तालुक्यातील तलावांतून जातो. तरीही येथील ठाकूर, कातकरी, महादेव कोळी आणि कुणबी घरांतील मांसाचा इतिहास किलोच्या भावाने सुरू होत नाही.

तुलनेसाठी १८८२ हे वर्ष घेऊ. त्या वर्षी १५ फेब्रुवारीला न्यूझीलंडमधील पोर्ट चाल्मर्स बंदरातून 'डुनेडिन' हे शिडाचे जहाज गोठवलेले मांस घेऊन निघाले आणि मे महिन्यात लंडनला पोचले. त्यात सुमारे पाच हजार सोललेली जनावरे होती, बहुतेक मेंढ्या. त्यानंतरच्या दोन-तीन दशकांत न्यूझीलंड, ऑस्ट्रेलिया आणि अर्जेंटिना येथील स्वस्त मांस ब्रिटिश कामगाराच्या ताटात नियमितपणे येऊ लागले. म्हणजे मांसाचा भाव ही त्या काळातच एका देशाची खाजगी बाब राहिली नव्हती. त्याच १८८२ साली जेम्स कॅम्बेल यांच्या संपादनाखाली ठाणे जिल्ह्याचे गॅझेटियर प्रसिद्ध झाले. शहापूरचा मुलूख तोवर 'कोळवण' या जुन्या नावानेही ओळखला जात होता. रेल्वे वाशिंदला १८५५ मध्ये आणि कसाऱ्याला १८६१ मध्ये पोचली होती. १८६५ मध्ये ती थळघाट चढून इगतपुरीस गेली. मुरबाडला मात्र विसाव्या शतकातही रेल्वे आली नाही.

रेल्वेने कोळवण मुंबईशी जोडले खरे, पण कोणत्या वस्तूंच्या द्वारे? येथून शहराकडे गेले ते लाकूड, गवत आणि भात. मुंबईला लागणाऱ्या मांसाची व्यवस्था वेगळी होती. शहराचा मोठा कत्तलखाना तेव्हा वांद्र्याला होता. १९७१ मध्ये त्याची जागा देवनारने घेतली, आणि देवनारला येणारे बकरे प्रामुख्याने राजस्थान, गुजरात, मध्य प्रदेश अशा दूरच्या प्रांतांतून येतात. याचा अर्थ असा की शहापूरच्या शेजारी मांसाची एक प्रचंड बाजारपेठ उभी राहत असताना, शहापूरचे स्वतःचे मांस त्या बाजारपेठेच्या हिशेबाबाहेर राहिले. भौगोलिक अंतर जवळचे आणि बाजाराचे अंतर दूरचे, ही स्थिती पुढे शंभर वर्षे टिकली.

या हिशेबाबाहेरच्या मांसाची व्यवस्था आज परकी वाटेल, म्हणून ती जरा नीट पाहिली पाहिजे. तीत मांसाचे तीन-चार मार्ग होते. पहिला देवाचा : वाघबारशीला वाघदेवाला, शेतीच्या कामांच्या आरंभी व शेवटी गावदेवाला, नवस फेडताना कुलदैवताला दिलेला कोंबडा किंवा बकरा. दुसरा वाट्याचा : चारपाच घरांनी मिळून जनावर घ्यायचे, कापायचे आणि त्याचे सारखे वाटे घालायचे. वाट्यात मांस, काळीज, हाड, आतडी सगळे थोडेथोडे येते. कोणी केवळ मऊ मांस मागत नाही. तिसरा रानाचा आणि पाण्याचा : ससा, तितर, घोरपड, शेतातले उंदीर, ओढ्यातल्या चिंबोऱ्या आणि पहिल्या पावसात उलट्या प्रवाहाने शेतात चढणारे वळगणीचे मासे. आणि चौथा, जो खरोखर विकतचा होता, तो आठवडेबाजारातल्या सुकटीचा, जवळ्याचा, बोंबलाचा. येथील गरीब घराची रोख पैशाने घेतलेली सामिष वस्तू बहुधा सुकी मासळी असे; सागुती असे ती सणाची, पाहुण्याची किंवा नवसाची.

वाट्याला 'दर किलो' नसतो. १९५६ च्या वजनमापांच्या कायद्यानंतर किलो हे माप देशभर रूढ होऊ लागले, पण माप आले म्हणून मांस लगेच तराजूत चढले नाही. भाववाढ मोजणाऱ्याला एकच वस्तू, एकाच प्रतीची, दर महिन्याला, पैशाने विकत घेतलेली हवी असते. वाट्याच्या मांसात यातील एकही अट पुरी होत नाही. म्हणून या व्यवस्थेत महागाई नव्हती असे म्हणणे चूक ठरेल. टंचाई होती, उपास होते. फक्त ते भावाच्या भाषेत व्यक्त होत नव्हते.

ही व्यवस्था लोकांनी आपखुशीने सोडली असे मानण्याचे कारण नाही. तिचा पाया रानावर होता आणि रान टप्प्याटप्प्याने बंद होत गेले. १८७८ च्या वनकायद्यानंतर ठाणे आणि कुलाबा या जिल्ह्यांत इतका असंतोष माजला की १८८५ मध्ये मुंबई सरकारला वनआयोग नेमावा लागला. पुढे १९२७ च्या भारतीय वनकायद्याच्या सव्विसाव्या कलमाने राखीव जंगलात गुरे चारणे हा गुन्हा ठरवला. त्याच कायद्याच्या व्याख्येनुसार 'गुरे' या शब्दात हत्ती-उंटांपासून शेळ्या आणि करडांपर्यंत सर्व जनावरे येतात. भूमिहीन कातकऱ्याची एकुलती शेळी कायद्याच्या नजरेत अशा रीतीने जंगलाची अपराधी झाली. १८९२ मध्ये तानसा धरण पूर्ण झाले. नंतर वैतरणा आणि भातसा या नद्या अडवल्या गेल्या व खोऱ्यांतील जमीन पाण्याखाली गेली. तानसा परिसर अभयारण्य झाला. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने शिकारीचा मार्ग कायमचा बंद केला. यातील काही निर्णयांमागे योग्य कारणे होती. वन्यजीव वाचवणे आवश्यकच होते. पण मांसाच्या इतिहासाच्या दृष्टीने त्यांचा एकत्रित परिणाम एकच झाला : जे मांस रानातून आणि चराईतून येत होते, ते आता दुकानातून आणायचे झाले. या प्रदेशात मांसाला भाव आला तो प्रथम कायद्याच्या कुंपणामुळे, संपन्नतेमुळे नंतर.

हे संक्रमण भाषेतही उमटलेले आहे. 'सागुती' हा घरचा शब्द मागे पडून 'मटण' हा दुकानाचा शब्द पुढे आला. इंग्लंडमध्ये 'मटन' म्हणजे प्रौढ मेंढीचे मांस. आपल्याकडे येताना या शब्दाने मेंढी सोडली आणि बहुतांशी बकरा धरला. म्हणून लंडनच्या 'मटन'चा भाव आणि शहापूरच्या 'मटणा'चा भाव शेजारीशेजारी मांडणाऱ्या तक्त्यात शब्द एक असला तरी जनावर निराळे असते. तीच गत 'ब्रॉयलर'ची. इंग्रजीत तो भाजण्याजोग्या कोवळ्या कोंबडीचा वाचक. आपल्या बाजारात त्याचा उच्चार 'बॉयलर' झाला आणि 'गावठी' या शब्दाच्या विरोधात तो उभा राहिला. गावठी कोंबडीला पूर्वी 'गावठी' म्हणण्याची गरज नव्हती. ती नुसती कोंबडी होती. दुसरी आल्यावर पहिलीला विशेषण लागले.

आजच्या शहापूर किंवा मुरबाडच्या बाजारात म्हणूनच मांसाचे तीन भाव आहेत, आणि त्या तिघांची चाल इतकी वेगळी आहे की ते तीन वेगवेगळ्या देशांचे भाव वाटावेत.

बकऱ्याच्या मटणाचा भाव सावकाश आणि बहुधा एकाच दिशेने चढतो. शेळीचा गर्भकाळ पाच महिन्यांचा, करडू विक्रीयोग्य व्हायला आणखी कित्येक महिने, आणि खाद्य मुख्यतः चराईचे. चराईची जमीन वाढत नाही; शहराचे उत्पन्न वाढते. २०१९ च्या पशुगणनेत देशातील शेळ्या १४ कोटी ८८ लाख, म्हणजे मागील गणनेपेक्षा सुमारे दहा टक्के अधिक भरल्या. पण सात वर्षांतील ही वाढ मागणीच्या पुढे धावणारी नव्हे.

बॉयलरचा भाव करवतीच्या दात्यांसारखा वरखाली होतो. १९७० पूर्वीच्या मुंबईत कोंबडी ही मटणापेक्षा चैनीची वस्तू समजली जाई. १९७१ मध्ये पुण्यात डॉ. बी. व्ही. राव यांनी सुरू केलेल्या वेंकटेश्वरा हॅचरीजसारख्या उद्योगांनी आणि १९९० च्या दशकात तामिळनाडूत फोफावलेल्या करारपद्धतीने ते नाते उलटे केले. पस्तीस ते बेचाळीस दिवसांत पक्षी तयार होतो. एक किलो वजनासाठी दीड ते पावणेदोन किलो खाद्य लागते. आणि त्या खाद्यात मका व सोयापेंड हे दोनच घटक निर्णायक असतात. त्यामुळे मुरबाडमधील कोंबडीचा भाव हा प्रत्यक्षात मक्याचा आणि सोयाबीनचा भाव असतो. २०२१ मध्ये सोयापेंड इतकी महागली की केंद्र सरकारने ऑगस्टमध्ये जनुकीय बदल केलेल्या सोयाबीनची बारा लाख टन पेंड आयात करण्यास परवानगी दिली. आपला कोंबडा त्या वर्षी अमेरिका खंडातील शेतीशी बांधला गेला.

गावठी कोंबडीच्या भावाला मका माहीत नाही. ती उकिरडा, अंगण आणि सांडलेले दाणे यांवर वाढते. तिचा भाव पंचांगाने चालतो. आषाढ अमावास्येच्या गटारीला, जत्रेच्या दिवसांत आणि लग्नसराईत तो उसळतो, श्रावणात बसतो. मुंबई-नाशिक महामार्गावरील धाब्यांनी आणि शेतघरांत सुट्टीला येणाऱ्या शहरी पाहुण्यांनी अलीकडे या पंचांगात शनिवार-रविवार जोडले आहेत. २०१९ च्याच गणनेत देशातील परसातल्या कोंबड्यांची संख्या सुमारे ४६ टक्क्यांनी वाढलेली दिसते. ही वाढ कोणाच्या पोटासाठी झाली, हे मात्र गणनेतून कळत नाही. गावठी कोंबडा विकून आलेल्या पैशात बॉयलर आणि वर मीठमिरची बसते, एवढा हिशेब पाड्यावरच्या कोणत्याही बाईला तोंडपाठ असतो. देवाचा कोंबडा मात्र अजून गावठीच लागतो.

आता देशोदेशींच्या भाववाढीकडे पुन्हा वळता येईल. अर्जेंटिनाने मार्च २००६ मध्ये देशातील गोमांस स्वस्त राहावे म्हणून त्याची निर्यात बंद केली. भाव काही काळ दबले. पण पशुपालकांनी कळप कमी केले, त्यात दुष्काळाची भर पडली आणि २०१० च्या सुमारास भाव जोराने उसळले. अमेरिकेत ऑक्टोबर २०२१ मध्ये गोमांस वर्षभरात वीस टक्क्यांनी महागले. अर्जेंटिनाची चाल ही कळपाच्या चक्राची, म्हणजे आपल्या बकऱ्याच्या जातीची. चीनची २०१९ मधील उसळी रोगाची, म्हणजे आपल्या बॉयलरच्या जातीची. देशांमधला फरक पुष्कळ अंशी असा असतो : कोणत्या देशाच्या ताटात कोणते जनावर अधिक, ते काय खाते, किती दिवसांत वाढते आणि घरखर्चात त्याचा वाटा किती. एका देशाचा 'मांसाचा भाववाढदर' ही अशा अनेक चालींची सरासरी असते. सरासरी काढताना कोणाला किती वजन द्यायचे, हा निर्णय गणिती दिसला तरी त्याचे परिणाम सामाजिक असतात.

आपल्या ग्राहक किंमत निर्देशांकाच्या २०१२ हे पायाभूत वर्ष मानणाऱ्या मालिकेत मांस व मासळी या गटाचे वजन ग्रामीण भागासाठी ४.३८ टक्के आणि शहरी भागासाठी २.७३ टक्के होते. ग्रामीण भावांची नोंद देशभरातील ११८१ गावांतून घेतली जाई. एवढ्या विशाल देशाच्या मानाने ही गावे थोडी आहेत, यात नवल नाही. प्रातिनिधिक नमुना असाच असतो. परंतु नमुन्यात भाव नोंदला जातो तो दुकानातला. घरच्या कोंबडीचे मूल्य उपभोगखर्चाच्या सर्वेक्षणात स्थानिक शिवारभावाने धरले जाते खरे, पण जे मांस रानाबरोबर नाहीसे झाले त्याची नोंद भाववाढीत होऊ शकत नाही. ससा आणि घोरपड महागली नाहीत. ती यादीतूनच गेली. त्यांच्या जागी आलेली विकतची कोंबडी गेल्या वर्षापेक्षा स्वस्त झाली, तर निर्देशांक दिलासा दाखवतो.

शेतमजुरांसाठीचा स्वतंत्र निर्देशांक पाहिला तर प्रश्न अधिक गंभीर होतो. १९८६-८७ हे पायाभूत वर्ष असलेली त्याची मालिका २०२५ पर्यंत चालू राहिली, आणि तिच्यातील वस्तूंची वजने १९८३ च्या उपभोगसर्वेक्षणावरून ठरलेली होती. २०११ पासून केंद्रीय रोजगार हमीच्या मजुरीची वार्षिक वाढ याच निर्देशांकाशी जोडलेली होती. म्हणजे २०२० मध्ये शहापूरच्या बांधावर माती टाकणाऱ्या मजुराची मजुरी किती वाढावी, हे त्याच्या आईबापांच्या पिढीने १९८३ मध्ये काय खाल्ले होते यावर काही अंशी अवलंबून राहिले. १९८३ मध्ये मजुराच्या खर्चात मांस थोडे होते, कारण मांस विकत घेण्याची ऐपत थोडी होती. त्या अभावाचे रूपांतर 'वजना'त झाले आणि ते वजन चाळीस वर्षे टिकले.

या चित्राला आणखी एक बाजू आहे. येथील माणूस मांसाचा केवळ ग्राहक नाही, विक्रेताही आहे. अमर्त्य सेन यांनी १९८१ मधील आपल्या दुष्काळविषयक ग्रंथात इथिओपियातील पशुपालकांचे उदाहरण घेऊन दाखवले की दुष्काळात धान्य महागते आणि त्याच वेळी जनावर स्वस्त होते. जनावर विकून धान्य घेणारा दोन्हीकडून चिरडला जातो. म्हणजे मांसाची स्वस्ताई हीच काहींची आपत्ती असू शकते. मुरबाड तालुक्यातील म्हसा येथे पौष पौर्णिमेला भरणारी यात्रा बैलबाजारासाठी प्रसिद्ध आहे. २०१५ मध्ये राज्यात बैलांच्या कत्तलीवरही बंदी आल्यानंतर म्हाताऱ्या बैलाची अखेरची किंमत कायद्याने शून्याकडे गेली. गोवंशाचे मांस 'महागले' की 'स्वस्त झाले' हे विचारण्यात तेथे अर्थ उरला नाही. त्याला भावच उरला नाही. नवा बैल घेताना जुन्याचे जे चार पैसे हाती येत, ते मात्र शेतकऱ्याच्या हिशेबातून गेले.

करारावर बॉयलर वाढवणाऱ्याची स्थिती याहून निराळी आणि तितकीच शिकण्यासारखी आहे. पिल्ले, खाद्य आणि औषध कंपनीचे. शेड, वीज आणि कष्ट त्याचे. मोबदला ठरलेल्या पालनशुल्काचा. बाजारात कोंबडी महागली तरी त्याचे शुल्क त्या प्रमाणात वाढत नाही. भाव पडला तर तोटा कंपनीचा असतो, हे खरे. पण नवी पिल्ले वेळेवर न मिळणे हा त्याचा तोटा कोणत्याही भावात दिसत नाही. फेब्रुवारी २००६ मध्ये नंदुरबार जिल्ह्यातील नवापूरला देशातील पहिला बर्ड फ्लू आढळला आणि दूरदूरच्या बाजारांत कोंबडीचे गिऱ्हाईक नाहीसे झाले. फेब्रुवारी २०२२ मध्ये तो शहापूर तालुक्यातल्याच वेहळोलीत आला. एक किलोमीटर परिघातील सुमारे पंचवीस हजार पक्षी नष्ट करण्याचे आदेश निघाले. अशा आदेशात परसातली कोंबडी आणि शेडमधली कोंबडी असा भेद नसतो. तीन देशांसारखे वेगळे वागणारे भाव रोगापुढे असे एका दिवसात एक होतात.

शहापूर-मुरबाडचा हा इतिहास सांगतो तो असा : मांसाच्या भाववाढीची देशोदेशी तुलना करताना आपण बाजारात पूर्णपणे शिरलेल्या माणसाला गृहीत धरतो. तो लंडनमध्ये १८८२ नंतर लवकरच तयार झाला. येथे तो अजून तयार होतो आहे, अर्धा आत, अर्धा बाहेर. जितका तो आत येतो, तितका ब्राझीलच्या सोयाबीनचा आणि दूरच्या साथींचा त्याच्या कालवणाशी संबंध वाढतो. आणि जितका तो बाहेर राहतो, तितका तो आकड्यांतून वगळला जातो. भाववाढीचा दर कमी झाल्याची बातमी वाचताना, ज्याच्या ताटातली वस्तू मोजली गेली तो कोण, हे विचारण्याची सवय साहित्याच्या अभ्यासकालाही असायला हरकत नाही. कथेत निवेदक कोण हे आपण विचारतोच. निर्देशांकालाही निवेदक असतो.